एअरबॅग: मुंबईत गाडी चालवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एअरबॅगची चौकशी शोरूममध्ये ‘किती आहेत?’ इथून सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच थांबते. पण त्या वेळेवर उघडतील का आणि उघडल्यावर वाचवतील की इजा करतील, हे गाडी घेतल्यानंतर आपण काय करतो यावर बरंच ठरतं. पट्टा, सीटचं अंतर, सीट कव्हर, डॅशबोर्डवरच्या वस्तू, पावसाळ्यात गाडीत शिरलेलं पाणी. खालचे बहुतेक प्रश्न त्याबद्दलच आहेत.

एअरबॅग नेमकी उघडते कशी?

गाडीच्या पुढच्या भागात धक्का ओळखणारे सेन्सर असतात. गिअर लिव्हरच्या आसपास, कन्सोलखाली जमिनीला घट्ट बोल्ट केलेला एक छोटा डबा असतो. गॅरेजमध्ये त्याला एअरबॅग मॉड्यूल किंवा एअरबॅग ईसीयू म्हणतात. गाडीचा वेग किती झटक्यात कमी होतोय ते हा डबा सतत मोजत असतो. टक्कर गंभीर आहे असं ठरलं की तो इन्फ्लेटरमधल्या, म्हणजे पिशवीत वायू भरणाऱ्या भागातल्या, इग्नायटरला करंट देतो, आतलं रसायन पेटतं आणि तयार झालेला वायू पिशवीत भरतो. जुन्या इन्फ्लेटरमध्ये सोडियम अझाइड असायचं, नव्यांमध्ये बहुतेक करून ग्वानिडीन नायट्रेट असतं. पिशवी भरायला साधारण २० ते ३० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या दोन-तीन पट.

पिशवीच्या मागच्या बाजूला भोकं ठेवलेली असतात. डोकं आणि छाती टेकली की वायू त्या भोकांतून बाहेर पडतो आणि अंग हळूहळू थांबतं. म्हणून माणूस पिशवीला टेकेल तेव्हा ती पूर्ण फुगून बसायला सुरुवात झालेली असायला हवी. ती फुगत असतानाच तोंड तिच्यापर्यंत पोचलं तर तीच पिशवी ताशी ३०० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने तोंडावर येते. एअरबॅगमुळे होणाऱ्या बहुतेक गंभीर इजांच्या मुळाशी हेच कारण असतं, आणि पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरंही इथूनच निघतात.

एअरबॅग आहेत, मग शहरात पट्टा लावायची गरज काय?

पट्टा नसेल तर टक्कर होण्याआधीच, नुसत्या ब्रेकने, अंग पुढे फेकलं जातं. पिशवी उघडेपर्यंत छाती स्टिअरिंगजवळ गेलेली असते. मग वर सांगितलं तेच होतं.

पट्ट्यातही एक छोटा स्फोटक भाग असतो, त्याला प्रीटेन्शनर म्हणतात. टक्कर जाणवताच तो पट्ट्यातला ढिलेपणा ओढून घेतो आणि माणसाला सीटला धरून ठेवतो. त्यानंतर लोड लिमिटर पट्टा ठरावीक जोरावर थोडा थोडा सोडतो, म्हणजे बरगड्या मोडत नाहीत आणि डोकं बरोबर पिशवीच्या मध्यावर येतं. पट्टा आणि पिशवीचं हे गणित एकत्र मांडलेलं असतं. एक काढला की दुसऱ्याचं चुकतं.

आणि शहरातला वेग कमी असतो हा समज आता टिकत नाही. अटल सेतूवर कारला ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, म्हणजे घरापासून पंधरा मिनिटांवर आपण एक्सप्रेसवेच्या वेगाला असतो. वेग ५० वरून १०० झाला की टकरीतली ऊर्जा चौपट होते.

मागच्या सीटवर बसणाऱ्यालाही पट्टा?

हो, आणि हे आम्ही अगदी आग्रहाने सांगतो. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबत मागे बसलेले गृहस्थ दगावले. दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. पुढे बसलेले दोघं वाचले. गाडी महागडी होती, एअरबॅगही भरपूर होत्या. मागच्या प्रवाशाच्या समोर सहसा एअरबॅग नसतेच. कर्टन एअरबॅग असली तरी ती बाजूला खिडकीवर असते. समोरून होणाऱ्या टकरीत मागच्याला धरून ठेवणारा फक्त पट्टा असतो. तो नसेल तर मागचा माणूस पुढच्या सीटवर आदळतो आणि पुढच्यालाही चेपतो.

१ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबई वाहतूक पोलिसांनी गाडीतल्या सगळ्यांना पट्टा सक्तीचा केला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ब खाली दंड १,००० रुपये आहे. टॅक्सीत मागची बकलं पुष्कळदा सीट कव्हरखाली किंवा सीटच्या फटीत दडपलेली असतात. बसल्याबरोबर, गाडी निघायच्या आधी, ती बाहेर काढून द्यायला चालकाला सांगावं.

पट्ट्याचा ‘टिंग टिंग’ बंद करणारी क्लिप लावली तर?

काढून टाका. बऱ्याच गाड्यांत बकल लावलंय की नाही हे एअरबॅग मॉड्यूल वाचतं आणि त्यावरून पिशवी कुठल्या धक्क्याला उघडायची ते ठरवतं. क्लिप घातली की मॉड्यूलला वाटतं माणूस बांधलेला आहे, म्हणजे थोडा धक्का पट्टाच सांभाळेल. प्रत्यक्षात माणूस मोकळा असतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशा क्लिप काढून टाकायचे आदेश दिले होते.

स्टिअरिंगपासून किती लांब बसायचं?

स्टिअरिंगच्या मध्यापासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत किमान २५ सेंटिमीटर. शाळेची ३० सेंटिमीटरची पट्टी घेऊन एकदा मोजा. आधी सीट मागे घ्या, पण क्लच आणि ब्रेक पूर्ण दाबता आले पाहिजेत. अंतर अजून कमी पडत असेल तर पाठ थोडी मागे कलती करा. स्टिअरिंग खाली-वर होत असेल तर त्याचं तोंड छातीकडे ठेवा, हनुवटीकडे नाही. उंची कमी असेल तर सीट पुढे ओढण्यापेक्षा सीट वर घेणं चांगलं. ज्यांना जवळ बसायची सवय आहे त्यांना सुरुवातीचे काही दिवस अवघडल्यासारखं होतं, नंतर हात बसतो.

हात घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी. मुंबईच्या गर्दीत तळवा हॉर्नवरच ठेवून गाडी चालवायची सवय पुष्कळांना असते. हॉर्नच्या त्याच झाकणाखाली एअरबॅग घडी करून ठेवलेली असते. हात तिथे असताना ती उघडली तर मनगट, घड्याळ, कडं सगळं सरळ तोंडावर येतं. हॉर्न अंगठ्याने दाबा आणि हात परत कडेवर न्या. वळताना हात आडवा घालून स्टिअरिंग फिरवण्यापेक्षा ओढत-ढकलत फिरवा.

डॅशबोर्डवर गणपतीची मूर्ती ठेवली तर चालते का?

जागेवर अवलंबून आहे. डाव्या सीटच्या समोर डॅशबोर्डवर ‘एसआरएस एअरबॅग’ असं कोरलेलं दिसेल. त्याच्या आसपास आखलेली चौकट किंवा नजरेला न दिसणारी खाच असते, आणि तिथलं झाकण फाटून किंवा उचकटून पिशवी वर येते. प्रवाशाची पिशवी ड्रायव्हरच्या पिशवीच्या जवळजवळ दुप्पट आकाराची असते आणि काही गाड्यांत ती आधी काचेवर आदळून मग माणसाकडे वळते. त्या झाकणावर काहीही चिकटवलेलं असलं, मग ती पितळेची मूर्ती असो, अत्तराची बाटली असो, मोबाइल होल्डर असो की जाड मॅट, तर ते पिशवीसोबत उडतं आणि समोरच्या माणसाला लागतं.

मूर्ती ठेवायची तर छोटी, हलकी, टोकं नसलेली घ्या. डॅशबोर्डच्या अगदी मधोमध, एसी व्हेंटच्या वरच्या सपाट जागी, एअरबॅगच्या चौकटीपासून दूर ठेवा. आधी झाकणाची कड हाताने चाचपून घ्या, कारण काही गाड्यांत ते झाकण मध्यापर्यंत येतं. संगमरवर, काच आणि भरीव धातू मात्र कुठेच नको. डॅशबोर्डवर पाय टेकवून बसायची सवयही सोडा. पिशवी उघडली तर गुडघे तोंडावर येतात आणि खुबा निखळतो.

सीट कव्हर घालायचं तर काय बघायचं?

पुढच्या सीटच्या पाठीच्या बाहेरच्या कडेला, दरवाज्याकडे, ‘एअरबॅग’ असा छोटा टॅग शिवलेला आहे का ते पाहा. असेल तर साइड एअरबॅग सीटमध्येच आहे आणि ती शिवण फाडून बाहेर येते. बाजूने होणाऱ्या टकरीत दरवाजा आणि बरगडी यांच्यात जेमतेम वीतभर जागा असते, त्यामुळे या पिशवीला समोरच्या पिशवीपेक्षाही कमी वेळ मिळतो. वर जाड रेक्झिनचं कव्हर ताणून बसवलं तर पिशवी उशिरा येते, भलतीकडून येते किंवा आतच अडकते.

गाडीच्या कंपनीचं, त्याच मॉडेलचं कव्हर घेणं सगळ्यात बरं. बाहेरून शिवून घ्यायचं असेल तर त्या कडेला कव्हर पूर्ण उघडं ठेवायला सांगा, किंवा तिथली शिवण कमकुवत धाग्याची आणि जोर आला की उसवणारी आहे का ते विचारा. ‘एअरबॅग कंपॅटिबल’ असं नुसतं पाकिटावर छापलेलं असणं पुरेसं नाही. कड हातात धरून बघा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा कुठल्याही अॅक्सेसरीजच्या दुकानात कव्हर बसवून घेताना शेजारी उभं राहा. कारण कारागीर कव्हर ताणून बांधायला सीटखाली हुक आणि इलास्टिक अडकवतो, आणि तिथूनच पुढच्या प्रश्नातली भानगड सुरू होते.

मीटरमध्ये एअरबॅगचा दिवा सतत पेटलेला आहे. काय झालं असेल?

चावी फिरवली की हा दिवा साधारण सहा सेकंद पेटून विझायला हवा. विझला नाही, किंवा मुळात पेटलाच नाही, तर यंत्रणेत दोष आहे. दिवा सतत पेटलेला असताना एअरबॅग आणि प्रीटेन्शनर चालणार नाहीत असं धरून चाला. ‘गाडी तर नीट चालते’ म्हणून महिनोन्महिने तशीच वापरली जाते, हे आम्हाला सगळ्यात जास्त खटकतं.

नेहमीची कारणं तीन. पहिलं, पुढच्या सीटखालचे पिवळे कनेक्टर. एअरबॅगच्या वायरिंगला बहुतेक गाड्यांत पिवळा रंग असतो. सीटखाली छत्री, पाण्याची बाटली, चपला सरकवल्या, व्हॅक्यूम क्लीनरची नळी फिरवली किंवा कव्हरचा हुक अडकला की कनेक्टर ढिला होतो. दुसरं, स्टिअरिंगखालचा क्लॉक स्प्रिंग, म्हणजे स्टिअरिंग फिरलं तरी एअरबॅगपर्यंत करंट पोचवणारी गुंडाळलेली चपटी केबल. ती तुटली की दिव्यासोबत हॉर्न आणि स्टिअरिंगवरची बटणंही बंद पडतात. ही खूण पक्की. तिसरं, कमजोर बॅटरी किंवा बाहेर लावलेल्या म्युझिक सिस्टिमची चुकीची वायरिंग.

कनेक्टर दिसला म्हणून चावी चालू ठेवून तो काढ-घाल करू नका. आधी इग्निशन बंद, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा. मॉड्यूलमध्ये राखीव चार्ज साठवलेला असतो. गाडीगणिक ही वेळ एक ते तीन मिनिटं असते. साध्या मल्टिमीटरने इग्नायटर तपासायला जाऊ नका; त्याचा रोध जेमतेम दोन ओहम असतो आणि मीटरच्या करंटनेही तो पेटू शकतो. कनेक्टर घट्ट झाला तरी पुष्कळ गाड्यांत दोषाचा कोड मॉड्यूलमध्ये राहतो आणि स्कॅनरने पुसेपर्यंत दिवा जात नाही. स्वस्तातले ब्लूटूथ स्कॅनर बहुधा फक्त इंजिनचे कोड वाचतात, एअरबॅगचे नाही.

पावसात गाडीत पाणी शिरलं. एअरबॅग खराब होते का?

हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे, सायन, किंवा सोसायटीचं तळघरातलं पार्किंग, मुंबईत हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो. मॉड्यूल कन्सोलखाली जमिनीलाच असतं. पट्ट्याचा रिट्रॅक्टर, म्हणजे पट्टा गुंडाळून घेणारा भाग, आणि प्रीटेन्शनर दोन दरवाज्यांमधल्या खांबाच्या तळाशी असतात. सीटचे कनेक्टर कार्पेटवर. म्हणजे पाणी घोट्याइतकं आत आलं तरी एअरबॅगच्या यंत्रणेचे महत्त्वाचे भाग भिजलेले असू शकतात.

वरून कार्पेट वाळलेलं दिसतं, पण त्याखालचा फोम कित्येक आठवडे ओला राहतो. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर चढतो आणि दिवा गणपतीत किंवा नवरात्रात पेटतो, तेव्हा पाण्याशी त्याचा संबंध कोणी जोडत नाही. समुद्राचं खारं पाणी असेल तर गंज अजून लवकर चढतो.

गाडी सुरू करू नका. चावीसुद्धा फिरवू नका. पाणी कुठपर्यंत होतं त्याच्या खुणेचा फोटो काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, गाडी टो करून न्या. वर्कशॉपमध्ये सीट काढून कार्पेट पूर्ण उचलायला सांगा. मॉड्यूल बुडालं असेल तर ते ब्लोअरने वाळवून परत लावू देऊ नका, बदलून घ्या. रिट्रॅक्टरमधून पट्टा ओढून बघा. चिखल आत गेला असेल तर पट्टा अडखळत परत जातो.

खड्ड्यात आदळून एअरबॅग उघडते का?

सहसा नाही. खड्ड्याचा धक्का खालून वर असतो. मॉड्यूल मुख्यतः गाडीचा पुढचा वेग कसा तुटतो ते बघतं. मात्र डिव्हायडरवर चढून चासी जमिनीला जोरात आपटली तर उघडू शकते.

एवढा मोठा अपघात झाला, बोनेट चेपलं, तरी एअरबॅग उघडली नाही. बिघाड होता का?

असू शकतो, पण बहुतेक वेळा कारण वेगळं असतं. पत्रा किती चेपला यावरून मॉड्यूल निर्णय घेत नाही, वेग किती झटक्यात तुटला यावरून घेतं. समोरच्या एअरबॅग साधारणपणे कठीण भिंतीवर ताशी १६ ते १९ किलोमीटरने आदळल्याइतक्या धक्क्याला उघडतात. पट्टा लावलेला असेल तर काही गाड्यांत ही मर्यादा २६ च्या आसपास असते. भिंतीवर २५ ने आदळणं म्हणजे तेवढ्याच वजनाच्या उभ्या गाडीवर साधारण ५० ने आदळणं, कारण ती गाडीही मागे सरकते आणि चेपते.

मागून बसलेली धडक, उलटलेली गाडी, कोपरा घासून गेलेली टक्कर यांत समोरच्या पिशव्या उघडणं अपेक्षित नसतं. सर्वांत वाईट प्रकार ट्रकखाली घुसण्याचा. घोडबंदर रोडवर किंवा जेएनपीटीच्या वाटेवर बंद पडलेला कंटेनर उभा असतो, कारचं बोनेट त्याच्या मागच्या फळीखालून आत जातं आणि पहिला खरा मार काचेला आणि खांबांना बसतो. गाडीच्या चासीला, जिथे सेन्सर असतो तिथे, हवा तसा धक्का वेळेवर पोचतच नाही. इथे एअरबॅगवर विसंबता येत नाही. रात्री अंतर ठेवणं आणि वेग कमी ठेवणं एवढंच आपल्या हातात आहे.

पुढे क्रॅश गार्ड लावला तर?

तो धक्का थेट चासीच्या टोकांवर नेतो. चेपण्यासाठी बनवलेला भाग चेपत नाही, आणि ज्या गणितावर सेन्सर बसवलेत ते बदलतं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला कळवलं होतं. पादचाऱ्याला तर तो प्लास्टिक बंपरपेक्षा कितीतरी घातक असतो.

लहान मूल पुढच्या सीटवर बसवायचं का?

नाही. मांडीवर घेऊन तर मुळीच नाही. मांडीवरचं मूल पिशवी आणि मोठ्या माणसाचं अंग यांच्यामध्ये सापडतं. तान्ह्या बाळाची मागे तोंड करून लावायची सीट, एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर लावणं जीवघेणं आहे, कारण बाळाचं डोकं झाकणापासून काही सेंटिमीटरवर असतं. तशी सीट पुढे लावण्यावाचून गत्यंतर नसेल तर डॅशबोर्डच्या डाव्या कडेला चावीने फिरवायचा स्विच आहे का बघा. एअरबॅग बंद करा आणि ‘पॅसेंजर एअरबॅग ऑफ’ हा दिवा पेटल्याची खात्री करा. नंतर मोठं माणूस बसलं की आठवणीने चालू करा. बाकी सगळी मुलं मागे, वयानुसार चाइल्ड सीट किंवा बूस्टरवर. १४ वर्षांखालचं मूल बांधलेलं नसेल तर कायद्याने १,००० रुपये दंड आहे.

गरोदर बाईने पट्टा आणि एअरबॅग दोन्ही वापरावीत. कमरेचा पट्टा पोटाखालून, मांड्यांच्या वरच्या हाडावर, आणि सीट जमेल तितकी मागे.

दोन एअरबॅग पुरेशा आहेत की सहा हव्यात?

सहामध्ये दोन पुढच्या, दोन सीटमधल्या साइड आणि दोन छताच्या कडेने उलगडणाऱ्या कर्टन असतात. सिग्नल तोडून बाजूने घुसणारी गाडी किंवा खांबावर आडवी आदळलेली गाडी यांत डोकं वाचवते ती कर्टन, आणि मागच्या सीटला ती मिळते. म्हणून परवडत असेल तर सहा घ्या. भारतात ड्रायव्हरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून आणि शेजारच्या सीटची नव्या मॉडेलना १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची झाली. सहाची सक्ती आधी ऑक्टोबर २०२२, मग ऑक्टोबर २०२३ अशी पुढे गेली आणि शेवटी ती करणार नाही असं सरकारने सांगितलं. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपचे, म्हणजे गाडीची टक्कर-चाचणी घेऊन सुरक्षेला दिलेले, स्टार मिळतात. नुसती पिशव्यांची संख्या बघू नका, ताशी ६४ किलोमीटरच्या समोरच्या आणि ५० च्या बाजूच्या टकरीत गाडीला किती गुण मिळाले तेही बघा. माणसांभोवतीचा गाडीचा पिंजरा कच्चा असेल तर पिशवीला काम करायला जागाच उरत नाही.

डॅशकॅम लावणार असाल तर एक खबरदारी घ्या. काचेशेजारच्या खांबात कर्टन एअरबॅग असते. वायर तिच्यावरून आडवी न नेता मागून, गाडीच्या मूळ वायरिंगला बांधून न्यायला सांगा.

जुन्या गाडीत एअरबॅग बसवून मिळते का?

नाही. सेन्सरचं गणित त्या चासीच्या टकरी करून ठरवलेलं असतं. कोणी बसवून देतो म्हणाला तर गाडी परत आणा.

टाकाटा एअरबॅगचं काय प्रकरण होतं?

टाकाटा या जपानी कंपनीच्या इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेट वापरलं होतं. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणा लागून ते बिघडायचं, मग जरुरीपेक्षा जोरात पेटून धातूचं आवरण फोडायचं आणि तुकडे माणसाला लागायचे. जगभरात दहा कोटींच्या आसपास इन्फ्लेटर परत बोलावले गेले, कंपनीने जून २०१७ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. मुंबईची हवा अशा रसायनाला वाईटच. २०१५ च्या आधीची गाडी असेल, विशेषतः सेकंड हँड घेतलेली, तर आरसीवरचा चासी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉलच्या पानात टाकून बघा. बदली भाग फुकट मिळतो.

सेकंड हँड गाडीत एअरबॅग खरंच आहे हे कसं ओळखायचं?

चावी फिरवून दिव्याकडे बघा. तो पेटून विझला पाहिजे. अजिबात न पेटणारा दिवा म्हणजे बल्ब काढलेला असू शकतो. पण एवढ्यावर थांबू नका, कारण उघडलेल्या एअरबॅगच्या जागी दोन ओहमचा रेझिस्टर लावून मॉड्यूलला फसवता येतं. स्टिअरिंगच्या झाकणाचा रंग आणि पोत बाकीच्या प्लास्टिकशी जुळतो का, डॅशबोर्डवर भरलेली किंवा रंगवलेली जागा दिसते का ते बघा. चारही पट्टे पूर्ण ओढून तळाच्या लेबलवरची तारीख वाचा. एकाच पट्ट्याची तारीख गाडीच्या नंतरची असेल तर तो अपघातानंतर बदललाय. पुढचे पट्टे ओढले की अडकत असतील तर प्रीटेन्शनर उडालेला असेल. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये मॉड्यूल स्कॅन करून घ्यायचे पैसे वाया जात नाहीत. भंगारातल्या गाडीतून काढलेली एअरबॅग मात्र कितीही स्वस्त मिळाली तरी लावू नका. ती पाण्यात होती की नाही हे बाहेरून कळत नाही.

एअरबॅग उघडली. पुढच्या पाच मिनिटांत काय करायचं?

मोठा आवाज, कानात घुमणं, पांढरा धूर. तो बहुतेक पिशवीवरची भुकटी आणि वायू असतो, आग नाही. इग्निशन बंद करा, काचा किंवा दरवाजे उघडा, जमत असेल तर बाहेर पडून रस्त्याच्या कडेला जा. दमा असलेल्याला आधी बाहेर काढा. भुकटीचे हात डोळ्यांना लावू नका, पाण्याने धुवा. उघडलेल्या एअरबॅगचे धातूचे भाग तापलेले असतात. मान दुखत असेल त्याला आत आग-धूर नसेल तर हलवू नका, १०८ ला फोन करा. न उघडलेल्या पिशव्यांच्या समोर वाकून कोणाला ओढू नका. त्या अजून जिवंत असू शकतात.

दुरुस्तीत काय काय बदलावं लागतं, आणि विमा किती देतो?

उघडलेल्या पिशव्या, उडालेले प्रीटेन्शनर किंवा अख्खे पट्टे, क्लॉक स्प्रिंग, प्रवाशाच्या बाजूचा डॅशबोर्ड, पुढचे सेन्सर, पुष्कळदा काच, आणि मॉड्यूल. टकरीचा डेटा मॉड्यूलमध्ये कायमचा नोंदला जातो. बाहेर तो ‘रिसेट’ करून देणारे भेटतात, पण बहुतेक कंपन्या नवीनच लावायला सांगतात.

साध्या पॉलिसीत टायर, बॅटरी, प्लास्टिकच्या भागांसारखाच एअरबॅगवरही ५० टक्के घसारा कापला जातो. म्हणजे अर्धा खर्च खिशातून. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी पॉलिसी, असेल तर ही कपात होत नाही. एकूण दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला तर गाडी टोटल लॉस धरली जाते, आणि जुन्या छोट्या गाडीत चार पिशव्या उघडल्या की हा आकडा सहज ओलांडतो. गाडी परत घेताना एअरबॅग, पट्टे आणि मॉड्यूल यांची पार्ट नंबरसकट बिलं मागून घ्या, जुने भाग डोळ्यांनी बघा, आणि स्कॅनचा रिपोर्ट छापून त्यावर वर्कशॉपचा शिक्का मारून घ्या.